नवजात बाळाचे वजन सावकाश वाढत असेल तर: स्तनपानाची क्रमवार तपासणी

बाळाचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही असे नोंदींवरून दिसू लागले, की घरात सहसा दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणते, बाळ लहान चणीचे आहे, वाढेल आपोआप. तर कोणी त्याच दिवशी पावडरच्या दुधाचा डबा आणून आईला दूध पुरत नाही असा निकाल देऊन मोकळे होते. या दोन्ही मतांत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे बाळ अंगावर पीत असताना त्याच्या पोटात खरोखर किती दूध जाते हे पाहणे. आईला दूध कमी येणे आणि बाळाला दूध कमी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या काही आठवड्यांत दुसरीच अधिक वेळा आढळते. मात्र तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर स्तनात साठून राहिलेल्या दुधामुळे निर्मिती मंदावते आणि काही दिवसांत पहिली अडचणही खरी होऊन बसते.

म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच क्रम आहे: बाळाला आज पुरेसे दूध मिळाले पाहिजे, आईच्या दुधाची निर्मिती टिकली पाहिजे आणि त्याच वेळी कारण शोधले गेले पाहिजे. या तिन्हींत ओढाताण झाली तर बाळाचे पोट भरणे हेच पहिले काम.

सर्वांत आधी: घरी थांबू नये अशी लक्षणे

बाळ पिण्यासाठी जागेच होत नसेल किंवा एकदम मलूल पडले असेल, सहा ते आठ तासांत एकदाही लघवी झालेली नसेल, डोक्यावरची टाळू खोल गेलेली दिसत असेल, उलटी हिरव्या रंगाची होत असेल, अंगाचे तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक अथवा ३५.५ अंशांपेक्षा कमी भरत असेल, बाळ शांत असतानाही त्याचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके आले असतील किंवा कावीळ तळहात-तळपायांपर्यंत उतरली असेल, तर स्तनपानाची पद्धत सुधारत बसण्याची ही वेळ नव्हे. बाळाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पिताना कपाळावर घाम येणे, धाप लागणे किंवा ओठांभोवती निळसरपणा दिसणे हीदेखील त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवण्यासारखी लक्षणे आहेत, कारण हृदयविकार असलेली बाळे कधीकधी प्रथम ‘नीट पीत नाही’ याच तक्रारीने लक्षात येतात.

पहिली पायरी: वजनाचा आकडा नीट वाचणे

जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचे वजन उतरते. जन्मवजनाच्या साधारण ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमी दिसते. घट १० टक्क्यांच्या आसपास पोहोचली तर बाळाची आणि स्तनपानाची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी. ३ किलोच्या बाळाच्या बाबतीत ही १० टक्के घट म्हणजे ३०० ग्रॅम. प्रसूतीच्या वेळी आईला शिरेतून बरेच सलाइन दिले गेले असेल तर त्यातले काही पाणी बाळाच्या जन्मवजनातही आलेले असते आणि पहिल्या दिवसाची घट प्रत्यक्षापेक्षा मोठी दिसते. तरीही या कारणाचा आधार घेऊन तपासणी पुढे ढकलू नये. बहुतेक बाळे १० ते १४ दिवसांत जन्मवजनावर परत येतात आणि त्यानंतर पहिले तीन महिने दररोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढतात.

येथे हिशोबाची एक चूक फार सर्रास होते. वाढ मोजायची ती जन्मवजनापासून नव्हे, तर सर्वांत कमी झालेल्या वजनापासून. समजा, ३ किलोचे बाळ चौथ्या दिवशी २ किलो ७५० ग्रॅम झाले आणि अकराव्या दिवशी २ किलो ९५० ग्रॅम भरले. जन्मवजनाशी तुलना केली तर ते अजून ‘मागेच’ आहे, पण सात दिवसांत त्याने २०० ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे २८ ग्रॅम कमावले आहेत आणि त्याची गाडी रुळावर आहे. उलट, एखादे बाळ जन्मवजनावर वेळेत पोहोचूनही पुढचा आठवडाभर तेथेच थांबले, तर लक्ष त्याच्याकडे द्यायला हवे.

वजन नेहमी एकाच काट्यावर, कपडे आणि लंगोट काढून आणि शक्यतो पाजण्यापूर्वी करावे. घरी दररोज किंवा दिवसातून दोनदा वजन करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण एकदा पोटभर पिणे किंवा एकदा लघवी होणे एवढ्यानेच दिवसाची सगळी वाढ झाकली जाते आणि आईची झोप मात्र उडते. सुधारणा चालू असताना दोन-तीन दिवसांतून एकदा आणि घडी बसल्यावर आठवड्यातून एकदा केलेली नोंद पुरेशी असते. ही नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या वाढ-आलेखावर मांडून घ्यावी. हे आलेख स्तनपानावर वाढणाऱ्या बाळांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत. जे बाळ सुरुवातीपासून खालच्या रेषेजवळ आहे, पण त्याच रेषेला धरून वर जाते, ते लहान आहे, मागे पडलेले नाही. काळजीचे बाळ ते, ज्याची नोंद एकामागून एक रेषा ओलांडत खाली येते.

दुसरी पायरी: लंगोट मोजणे

दोन वजनांच्या मधल्या काळात खरी बातमी लंगोट देतो. पहिल्या दिवशी किमान एकदा, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा अशी लघवी वाढत जाते आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट चांगले ओले व्हायला हवेत. लघवी फिकट असावी. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतरही लंगोटावर विटकरी रंगाचे डाग पडत असतील तर बाळाला दूध कमी मिळत असल्याची शक्यता धरावी. शीचा रंग काळ्यावरून हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या सुमारास पिवळा होतो. पहिल्या महिन्यात दिवसातून तीन-चार वेळा पिवळी, पातळसर शी होणे हे पोट भरत असल्याचे चांगले लक्षण आहे. पाचव्या दिवशीही शी काळी किंवा काळपट हिरवी असेल, तर पुढच्या वजनाची वाट न पाहता बाळाला दाखवावे. डायपर वापरत असल्यास ओलेपणाचा अंदाज चुकतो. त्यामुळे चार दिवस कापडी लंगोट वापरणे किंवा डायपर हातात घेऊन त्याचा जडपणा पाहणे उपयोगी पडते.

कोणत्या गोष्टींवरून अंदाज बांधू नये, हेही येथेच सांगायला हवे. स्तन सैल वाटणे, बाळाने संध्याकाळी तास-दोन तास सतत अंगावर राहणे, पंपाने थोडेच दूध निघणे किंवा पाजल्यानंतरही बाळाने बाटलीतले दूध ओढणे, यांपैकी कशावरूनही दूध कमी आहे असे सिद्ध होत नाही. आणि उलट बाजूनेही: बाळ शांत आहे म्हणजे त्याचे पोट भरले आहे असे नाही. पुरेसे दूध न मिळणारे नवजात बाळ सुरुवातीला रडते आणि नंतर शक्ती वाचवण्यासाठी झोपून राहते. ‘आमचे बाळ अगदी गुणी आहे, चार-पाच तास उठतच नाही’ असे दोन आठवड्यांच्या आणि वजन न वाढणाऱ्या बाळाविषयी ऐकले, की मला कौतुकाआधी चिंता वाटते.

तिसरी पायरी: एक पूर्ण पाजणी पाहणे

माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते. अनुभवी परिचारिकेने किंवा स्तनपान सल्लागाराने एक पाजणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली तर उत्तम. तशी सोय होईपर्यंत घरातील कोणीतरी शेजारी बसून पुढील गोष्टी पाहाव्यात.

बाळ सुरुवातीला भराभर, उथळ चोखते. त्यामुळे पान्हा फुटतो. पान्हा फुटला की चोखण्याची लय बदलते. हनुवटी खोल खाली जाते, क्षणभर थांबते आणि घोट गिळल्याचा हलका आवाज येतो. तोंड उघडणे, थांबणे आणि मिटणे यांतील तो क्षणभराचा थांबा म्हणजे दूध तोंडात येत असल्याची खूण. थांबा जितका लांब, तितका घोट मोठा. दूध उतरल्यानंतर भरभरून पिणारे बाळ एक-दोन चोखण्यांमागे एक घोट या लयीत काही मिनिटे पिते, मध्ये विसावते आणि पुन्हा सुरू करते. जे बाळ पाऊण तास अंगावर आहे, पण त्यातली पाच मिनिटेच असे घोट घेते आणि उरलेला वेळ डोळे मिटून ओठ हलवत राहते, ते पाऊण तास प्यायले असे म्हणता येत नाही. म्हणून ‘प्रत्येक बाजूला वीस मिनिटे’ असा घड्याळाचा हिशोब सोडून घोटांचा हिशोब धरावा.

पिऊन झाल्यावर स्तन आधीपेक्षा मऊ वाटतो का, बाळाच्या वळलेल्या मुठी सैल झाल्या आहेत का आणि तोंडातून बाहेर आलेले स्तनाग्र गोल आहे की चपटे, तिरके दाबले गेले आहे, हेही पाहावे. चपटे झालेले किंवा टोकाला पांढरे पडलेले स्तनाग्र पकड उथळ असल्याचे सांगते. रुग्णालयात दोन ग्रॅमपर्यंत अचूक असलेला काटा उपलब्ध असेल तर पाजण्यापूर्वी आणि नंतर त्याच कपड्यांत बाळाचे वजन करून एका पाजणीत किती दूध गेले हे कळू शकते. मात्र प्रत्येक पाजणी वेगळी असल्याने एका मोजमापावरून निष्कर्ष काढू नये, आणि घरगुती काट्यावर तर हा प्रयोग करूच नये.

चौथी पायरी: पकड सुधारणे

आईने पाठीला आधार घेऊन, खांदे सैल सोडून बसावे किंवा थोडे मागे रेलावे. बाळाचे केवळ तोंड नव्हे, तर पूर्ण शरीर आईकडे वळलेले आणि तिला चिकटलेले असावे. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत याव्यात, कारण मान वळवून आपल्यालाही नीट गिळता येत नाही. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणावे, हाताचा आधार मान आणि खांद्यांच्या मागे द्यावा आणि डोके पुढे ढकलू नये. स्तनाग्राने वरचा ओठ हलकेच स्पर्शावा, बाळ जांभई दिल्यासारखे तोंड मोठे उघडेपर्यंत थांबावे आणि मग बाळाला स्तनाकडे आणावे. वाकून स्तन बाळाच्या तोंडात देऊ नये. हनुवटी आधी टेकावी, नाक मोकळे राहावे.

पकड चांगली बसली असेल तर हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि गाल फुगीर दिसतात. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग खालच्या ओठाखाली जवळजवळ दिसेनासा होतो आणि वरच्या ओठावर थोडा दिसत राहतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा जीभ टाळूपासून सुटल्यासारखा ‘टक् टक्’ आवाज येत असेल तर पकड सुटते आहे. पहिल्या काही सेकंदांनंतरही वेदना होत राहिली तर सोसत बसू नये; स्वच्छ बोट बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. एका पाजणीत तीनदा पुन्हा लावावे लागले तरी हरकत नाही.

पकड नीट बसूनही प्रत्येक वेळी सुटत असेल तर डॉक्टरांकडून बाळाची जीभ आणि तोंडातील टाळू बोटाने तपासून घ्यावी. जिभेखालचा पडदा आखूड असणे हे एक कारण असू शकते, परंतु असा पडदा दिसला म्हणून तो कापायलाच हवा असे नाही. जिभेच्या हालचालीवर आणि पिण्यावर त्याचा परिणाम होतो का, हे पाहून निर्णय घ्यायचा असतो.

पाचवी पायरी: अधिक वेळा आणि अधिक घोट

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजणे हे नवजात बाळासाठी सर्वसाधारण प्रमाण आहे. वजन सावकाश वाढत असेल तर हा आकडा बाळावर सोपवू नये. दिवसा दर दोन ते तीन तासांनी आणि रात्री तीन तासांहून अधिक अंतर न पडू देता बाळाला उठवावे. हे मोजमाप एका पाजणीच्या सुरुवातीपासून पुढच्या पाजणीच्या सुरुवातीपर्यंत धरायचे. हात तोंडाकडे नेणे, ओठ चाटणे, मान वळवून शोधणे या भुकेच्या खुणा आहेत. रडणे ही शेवटची खूण असून रडून थकलेले बाळ नीट पकड घेत नाही. चोखणी दिल्याने यांपैकी बऱ्याच खुणा झाकल्या जातात, म्हणून वजन सुधारेपर्यंत ती बाजूला ठेवावी. घट्ट गुंडाळून ठेवलेले बाळही कमी उठते.

झोपाळू बाळाला गुंडाळलेल्या कपड्यांतून मोकळे करून, केवळ लंगोटावर, आईच्या उघड्या छातीवर ठेवावे आणि वरून पांघरूण घालावे. त्वचेला त्वचा लागली की बाळ शोधू लागते आणि आईचा पान्हाही सुलभ होतो. कावीळ असलेली आणि ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेली बाळे विशेषकरून अर्धवट पिऊन झोपतात; त्यांना उठवणे हा उपचाराचाच भाग आहे.

घोट मंदावले की स्तन दाबण्याची एक साधी युक्ती आहे. स्तनाग्रापासून बरेच मागे, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला बोटे ठेवून, दुखणार नाही इतपत स्तन दाबून धरावा. घोट पुन्हा सुरू होतात. ते थांबले की दाब सोडावा, जागा बदलून पुन्हा दाबावे. दाबूनही घोट येईनासे झाले की दुसरी बाजू द्यावी आणि बाळ तयार असेल तर पुन्हा पहिल्या बाजूवर यावे. आधीचे दूध ‘पाणचट’ आणि नंतरचे ‘कसदार’ म्हणून बाजू बदलण्याची अनेकींना भीती वाटते. स्तन रिता होत जातो तसे दुधातील स्निग्धांश वाढतो हे खरे, पण हा बदल हळूहळू होतो. बाजू वेळेवर नव्हे तर घोटांवरून बदलली, तर त्याची चिंता करण्याचे कारण राहत नाही.

सहावी पायरी: दूध काढणे आणि जोड देणे

बाळ स्तन पुरेसा रिकामा करत नसेल तर ते काम पाजल्यानंतर हाताने किंवा पंपाने करावे लागते, कारण दूध किती तयार व्हायचे हे किती बाहेर पडले यावर ठरते. पाजून झाल्यावर दोन्ही बाजूंचे मिळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून शक्य तितक्या वेळा, आणि त्यांत एखादी वेळ रात्रीची असावी. रात्री प्रोलॅक्टिन या दूध तयार करणाऱ्या संप्रेरकाची पातळी अधिक असते. हाताने काढताना अंगठा आणि तर्जनी स्तनाग्राच्या थोडे मागे, समोरासमोर ठेवून प्रथम छातीकडे मागे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. बोटे त्वचेवर घासू नयेत आणि स्तनाग्र ओढू नये. पहिल्या दिवसांतला चीक थेंबांतच निघतो, तो चमच्यात धरून लगेच पाजावा. काढलेले दूध २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. गरम करायचे तर भांडे कोमट पाण्यात ठेवावे, मायक्रोवेव्ह वापरू नये.

जोड म्हणजे अंगावर पाजण्याखेरीज वरून दिलेले दूध. त्यासाठी पहिली पसंती आईच्याच काढलेल्या दुधाला, दुसरी मिल्क बँकेतील पाश्चरीकृत मानवी दुधाला आणि ते उपलब्ध नसेल तर फॉर्म्युल्याला, म्हणजे बाळांसाठीच्या पावडरच्या दुधाला. आवश्यकता असताना फॉर्म्युला देणे हा स्तनपानाचा पराभव नव्हे. उपाशी बाळाला चोखण्याची ताकद नसते आणि पोट भरलेले बाळ अंगावरही अधिक चांगले पिते. फॉर्म्युला डब्यावरील प्रमाणानेच करावा, तो पातळ करणे धोक्याचे आहे. पाणी, साखरपाणी, मध किंवा जनावराचे दूध देऊ नये. पाण्याने पोट भरते, वजन नाही, आणि मधामुळे एक वर्षाखालील बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

किती द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे, की पहिला आठवडा संपताना बाळाची एकूण गरज दररोज दर किलो वजनामागे सुमारे १५० मिलिलिटर असते. म्हणजे ३ किलोच्या बाळाला ४५० मिलिलिटर, आठ पाजण्यांत विभागल्यास प्रत्येकी ५५ मिलिलिटरच्या आसपास. ही सगळी गरज आहे. जोड फक्त त्यातल्या तुटीची द्यायची असते. वाटीने पाजताना बाळाला बसते धरून वाटीची कड खालच्या ओठावर टेकवावी आणि दूध ओठांना लागेल इतकीच तिरकी करावी. तोंडात ओतू नये. बाटली वापरायची असल्यास ती जवळजवळ आडवी धरून मध्ये-मध्ये विश्रांती द्यावी.

पाजणे, जोड देणे आणि दूध काढणे हा फेरा एका तासात संपायला हवा. तो लांबला तर पुढच्या फेऱ्याआधी आईला डोळे मिटायलाही वेळ उरत नाही. म्हणून जोड देणे, ढेकर काढणे, भांडी धुणे-उकळणे ही कामे दुसऱ्या कोणीतरी घ्यावीत. हा सल्ला ऐच्छिक समजू नये. आई सतत रडत असेल, वेळ मिळूनही झोपू शकत नसेल किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार तिच्या मनात येत असतील, तर त्यासाठीही तितक्याच तातडीने डॉक्टरांकडे जावे.

सातवी पायरी: आड आलेले कारण शोधणे

तीन-चार दिवस हे सर्व नीट करूनही दूध वाढत नसेल तर आईची तपासणी हवी. वारेचा (प्लॅसेंटाचा) तुकडा गर्भाशयात राहणे, प्रसूतीत मोठा रक्तस्राव होणे, थायरॉईडचा विकार, मधुमेह, पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकार), पूर्वी झालेली स्तनांची शस्त्रक्रिया किंवा स्तनांतील दूधग्रंथींची अपुरी वाढ यांमुळे दूध उशिरा किंवा कमी येऊ शकते. गर्भारपणात स्तनांच्या आकारात काहीच फरक पडला नसेल तर ते आवर्जून सांगावे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे दूध कमी करू शकतात. दूध वाढवणारी औषधे मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत; त्यांचे दुष्परिणाम आहेत आणि स्तन रिता होत नसेल तर त्यांचा फारसा उपयोगही होत नाही. तहानेपुरते पाणी आणि पोटभर साधे जेवण आईला पुरते.

बाळाच्या बाजूने लघवीचा संसर्ग, थायरॉईडची कमतरता, तोंडातील टाळूला असलेली फट, हृदयविकार किंवा दोन ते आठ आठवड्यांच्या वयात प्रत्येक पाजणीनंतर जोराने फेकली जाणारी उलटी यांचा विचार डॉक्टर करतील. बाळ भरपूर घोट घेते, लंगोट भरपूर ओले होतात आणि तरीही वजन हलत नाही, असे असेल तर ही तपासणी लवकर व्हावी.

आठवी पायरी: जोड कमी करणे

बाळ आठवडाभर दररोज २० ते ३० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढले, घोटांची लय लांबली आणि ते जोड अर्धवट सोडू लागले, की डॉक्टरांशी बोलून जोड कमी करायला घ्यावी. सर्व पाजण्यांतून थोडी-थोडी किंवा एखाद्या पाजणीची पूर्ण जोड काढून घ्यावी; सकाळी स्तन बहुधा अधिक भरलेले असल्याने सुरुवात सकाळच्या पाजणीपासून करणे सोपे जाते. दोन-तीन दिवस थांबून वजन पाहावे, वाढ टिकली तर पुढचा टप्पा घ्यावा, घसरली तर मागच्या प्रमाणावर परत यावे. दूध काढणे जोडीच्या मागून कमी करायचे, तिच्या आधी नव्हे. काही आयांच्या बाबतीत थोडी जोड कायम राहते, आणि तिच्यासोबत अंगावर पाजणेही कित्येक महिने चालू ठेवता येते.